टेसरॅक्ट ५ ची मूळ संहितेपासून उभारणी : प्रकल्प नोंदी, नागपूर, मे-जून २०२३

शुक्रवार, १२ मे

नागपूरच्या महाल भागातील एका जुन्या वाचनालयाने आपल्या संग्रहातील मराठी मासिकांचे बांधीव खंड स्कॅन करून ठेवले आहेत. पाने टिफ या चित्र-स्वरूपात, दर इंचाला ३०० बिंदू अशी घेतलेली आहेत. त्या चित्रांतून मजकूर वेगळा काढणे आणि ज्यात शब्द शोधता येईल अशी पीडीएफ तयार करणे हे काम माझ्याकडे आले आहे. त्यासाठी वाचनालयाने दिलेला संगणक म्हणजे दुसऱ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर आणि २ जीबी मेमरी असलेला जुना डबा असून त्यावर डेबियन ११ ही लिनक्स प्रणाली बसवलेली आहे.

चित्रातील अक्षरे ओळखून मजकूर देणारा कार्यक्रम म्हणजे टेसरॅक्ट. डेबियन ११ च्या तयार पॅकेजांच्या भांडारातून त्याची ४.१.१ ही आवृत्ती मिळते. ती बसवून आज दहा पाने चालवून पाहिली. मधल्या भागातील ओळी बऱ्याच शुद्ध आल्या, परंतु शिवणीकडे जिथे पानाची सावली पडली आहे तिथले शब्द गिळले गेले. कारण उघड आहे. ही आवृत्ती पानाचे काळ्या-पांढऱ्यात रूपांतर करताना ओत्सू पद्धतीने संपूर्ण पानासाठी उजळपणाची एकच सीमा ठरवते, आणि पिवळ्या पडलेल्या कागदावर सावलीचा भाग त्या सीमेच्या खाली गेला की अक्षर आणि कागद दोन्ही काळे होतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीत सौव्होला पद्धतीचा पर्याय आहे, ज्यात प्रत्येक बिंदूच्या आसपासचा भाग पाहून ती सीमा जागोजागी वेगळी ठरते. आमच्या पानांना हेच हवे आहे. म्हणून ५.३.१ ही आवृत्ती मूळ संहितेपासून कम्पाइल करून, म्हणजे लिहिलेल्या संहितेचे चालणाऱ्या कार्यक्रमात रूपांतर करून, बसवायची असे ठरवले.

रविवार, १४ मे

संहिता उतरवून घेतली. लागणारे सगळे संगणकावर आहे का ते तपासणारी ‘कॉन्फिगर’ लिपी (आदेशांची फाइल) टेसरॅक्टच्या संहितेबरोबर तयार येत नाही. ‘ऑटोजेन’ ही छोटी लिपी चालवून ती आपणच घडवावी लागते आणि त्यासाठी ऑटोकॉन्फ, ऑटोमेक व लिबटूल ही अवजारे असावी लागतात. ती मी बसवली होती, पण काय बसवलेले आहे ते शोधून देणारे पीकेजी-कॉन्फिग विसरलो होतो. ऑटोजेनने अर्धवट तयार झालेली कॉन्फिगर लिपी स्वतःच पुसून टाकली आणि पीकेजी-कॉन्फिग नाही असे स्पष्ट सांगितले. सदोष लिपी हाती देऊन पुढे भलत्याच ठिकाणी व्याकरणाची चूक दाखवण्यापेक्षा हे कितीतरी सभ्य वर्तन आहे.

दुसऱ्या प्रयत्नात कॉन्फिगर तयार झाले, चालले आणि शेवटाकडे थांबले. लेप्टोनिका १.७४ किंवा त्यापुढील आवृत्ती आवश्यक आहे, असा त्याचा आक्षेप होता. लेप्टोनिका ही चित्रे उघडणे, साफ करणे आणि त्यांचे काळे-पांढरे रूप करणे यासाठीची लायब्ररी, म्हणजे इतर कार्यक्रमांनी वापरायचा तयार संच, आहे आणि टेसरॅक्ट चित्राशी संबंधित सगळे काम तिच्याकडूनच करून घेते. आक्षेपाच्या त्याच ओळीत पुढे आणखी एक सूचना होती. तिच्याकडे मी आज लक्ष दिले नाही, कारण लेप्टोनिका १.८२ ची संहिता माझ्या पेनड्राइव्हवर पूर्वीपासून पडलेली होती आणि एक कार्यक्रम कम्पाइल करतोच आहोत तर दुसराही करू, असा उत्साह अंगात होता.

सोमवार, १५ मे

लेप्टोनिकाचे काम फारच सुरळीत झाले. कॉन्फिगर (तपासणी), मेक (कम्पाइल) आणि मेक इन्स्टॉल (बसवणे) या तिन्ही पायऱ्या विनातक्रार पार पडल्या. कॉन्फिगरने पडद्यावर शेकडो ओळी ओतल्या. त्या वाहत गेल्या, शेवटी चूक नाही एवढे पाहून मी पुढे गेलो. टेसरॅक्टच्या कॉन्फिगरनेही आता लेप्टोनिका सापडल्याचे मान्य केले.

खरी अडचण मेक चालवताना आली. प्रोसेसरचे दोन गाभे चार धागे चालवू शकतात म्हणून चार कामे एकाच वेळी चालवण्याचा आदेश दिला होता. काही मिनिटांतच कम्पायलर मारला गेल्याचा संदेश आला. ही संहितेतील चूक नव्हती. सी-प्लस-प्लस कम्पायलरच्या चार प्रती, शेजारी उघडा ब्राउझर आणि एकूण २ जीबी मेमरी असा हिशेब होता. मेमरी संपल्यावर प्रणालीचा मूळ भाग असलेल्या कर्नलने सर्वांत जास्त जागा अडवून बसलेली प्रक्रिया संपवली. कर्नलच्या नोंदीत ते नावानिशी लिहिलेले सापडले. ब्राउझर बंद करून एका वेळी एकच काम असा आदेश पुन्हा दिला. वेळ बराच जास्त लागणार, पण काम थांबणार नाही.

तेवढ्यात ग्रंथपाल काका डोकावून गेले. “काहून जी, अजून शिजूनच राहिलं का?” असे त्यांनी विचारले. कम्पाइल करण्याला शिजणे म्हणावे, हे मला तरी पटले.

गुरुवार, १८ मे

सोमवारी सायंकाळी वीज गेली आणि यूपीएसने दहा मिनिटांत मान टाकली. मेक हे अवजार फाइलींच्या वेळा पाहून चालते. संहितेची फाइल जुनी आणि तिच्यापासून तयार झालेली ऑब्जेक्ट फाइल नवी असेल, तर ते काम झाले असे ते समजते व पुढे जाते. त्यामुळे खंड पडला तरी आधीचे श्रम वाया जात नाहीत, हा त्याचा मोठा गुण. परंतु आज पुन्हा मेक चालवले तेव्हा ते अगदी शेवटच्या जोडणीच्या पायरीवर अडले आणि एक ऑब्जेक्ट फाइल अपुरी असल्याची तक्रार करू लागले. वीज गेली त्या क्षणी जी फाइल लिहिली जात होती, तिचे नाव आणि वेळ डिस्कवर पोहोचले होते, आतला मजकूर मात्र पोहोचला नव्हता. शून्य आकाराची ती फाइल वेळेने नवी असल्यामुळे मेकच्या लेखी तयार होती. शून्य आकाराच्या सर्व ऑब्जेक्ट फाइली शोधून काढल्या, दोन निघाल्या. त्या पुसून मेक पुन्हा चालवल्यावर जोडणी पूर्ण झाली.

मेक इन्स्टॉल झाल्यावरही टेसरॅक्ट सुरू होईना, कारण त्याला स्वतःचीच शेअर्ड (कार्यक्रम चालताना बाहेरून उचलायची) लायब्ररी सापडत नव्हती. हा दोष नेहमीचाच आहे. यूएसआर-लोकल या फोल्डरात नवी लायब्ररी ठेवली तरी प्रणाली तिच्या शोधसूचीवरूनच चालते आणि ती सूची ‘एलडीकॉन्फिग’ हा आदेश दिल्यावरच ताजी होते. तो दिला, प्रश्न मिटला.

मग मराठीची आदर्शफाइल, म्हणजे त्या भाषेची अक्षरे ओळखायला शिकवलेली फाइल, नसल्याची तक्रार आली. मूळ संहितेबरोबर भाषांच्या आदर्शफाइली येत नाहीत. त्या वेगळ्या भांडारांत असतात, आणि त्यांतही ‘बेस्ट’ हा अचूक पण संथ संच व ‘फास्ट’ हा हलका संच असे भेद आहेत. मी बेस्ट संचातील मराठीची फाइल उतरवून यूएसआर-लोकलमधील टेसडेटा फोल्डरात ठेवली आणि तक्रारीच्या संदेशात सुचवल्याप्रमाणे त्या फोल्डराचा पत्ता टेसडेटा-प्रीफिक्स या पर्यावरण-चलात (कार्यक्रम वाचतात अशा प्रणालीतील नोंदीत), कायमचा राहील अशा रीतीने लिहून टाकला. सरावासाठी बाजूला ठेवलेल्या, पीएनजी या दुसऱ्या चित्र-स्वरूपातील एका पानाचा मजकूर सौव्होला पद्धतीने स्वच्छ आला. सावलीतली ओळ पूर्ण वाचता आली. काकांना तसे कळवले. नंतर पाहता हे कळवणे घाईचे होते.

रविवार, २१ मे

आज खऱ्या टिफ पानांचा पहिला गठ्ठा लावला आणि एकही पान उघडले नाही. प्रत्येक पानागणिक एकच संदेश येत होता : टिफ वाचण्याचे फंक्शन अस्तित्वात नाही.

पहिला संशय स्कॅन केलेल्या फाइलींवर गेला. पण त्याच फाइली चित्रे पाहण्याच्या कार्यक्रमात व्यवस्थित उघडत होत्या. दुसरा संशय पाचव्या आवृत्तीवर घेतला आणि पडताळा म्हणून १२ तारखेला याच पानांवर नीट चाललेली, डेबियनच्या पॅकेजातून बसवलेली ४.१.१ ही आवृत्ती तिचा पूर्ण पत्ता देऊन चालवली. तीही तोच संदेश देऊ लागली. ज्या कार्यक्रमाला मी हातसुद्धा लावला नव्हता तो नऊ दिवसांत कसा बिघडला, या प्रश्नाने दुपार खाल्ली.

उत्तर ‘एलडीडी’ या आदेशाने दिले. एखादा कार्यक्रम कोणकोणत्या शेअर्ड लायब्ररी कुठून उचलतो ते तो दाखवतो. जुना आणि नवा असे दोन्ही टेसरॅक्ट लेप्टोनिका यूएसआर-लोकलमधूनच, म्हणजे मी सोमवारी घडवलेली, उचलत होते. डेबियनची १.७९ आणि माझी १.८२ यांचे लायब्ररी म्हणून असलेले अंतर्गत नाव एकच आहे. डेबियनच्या शोधसूचीत यूएसआर-लोकलचा क्रम आधी लागतो. त्यामुळे मी एलडीकॉन्फिग चालवल्या क्षणी माझ्या लेप्टोनिकाने पॅकेजातल्या लेप्टोनिकाची जागा घेतली, आणि तिच्यावर अवलंबून असलेला प्रत्येक कार्यक्रम माझ्या हातच्या कामावर चालू लागला.

आणि माझे हातचे काम टिफवाचून होते. टेसरॅक्टला त्याची आवृत्ती विचारली की तो लेप्टोनिकाची आवृत्ती आणि ती कोणकोणत्या चित्र-लायब्ररींसह बांधली आहे तेही एका ओळीत सांगतो. त्या ओळीत जेपेग होते, पीएनजी होते, झेडलिब होते, लिबटिफ नव्हते. सोमवारच्या कॉन्फिगरची नोंदफाइल उघडली तर तिच्यात लिबटिफचा शोध आणि त्यापुढे ‘नाही’ असे उत्तर लिहिलेले होते. संगणकावर लिबटिफ नव्हते असे नाही, कार्यक्रम चालण्यापुरती लायब्ररी होतीच. परंतु तिच्या आधारे दुसरे काही बांधायचे तर हेडर फाइली (तिच्यातल्या फंक्शनांची वर्णने) लागतात आणि डेबियन त्या ‘डेव्ह’ या शेपटाच्या वेगळ्या पॅकेजात ठेवते. पीएनजी व जेपेगची डेव्ह पॅकेजे पूर्वीच्या कुठल्यातरी कामामुळे होती, टिफचे नव्हते. लेप्टोनिकाच्या दृष्टीने टिफ ऐच्छिक आहे. म्हणून तिच्या कॉन्फिगरने आक्षेप घेतला नाही. ज्या ठिकाणी टिफ वाचणारे फंक्शन असायचे तिथे फक्त ‘फंक्शन नाही’ असे सांगणारी पोकळ आवृत्ती बसवून दिली. मेकने ती कम्पाइल केली, मेक इन्स्टॉलने जागेवर ठेवली, आणि तिघांपैकी कोणीही खोटे बोलले नाही. मी १८ तारखेला चाचणी घेतली तीही नेमकी पीएनजी पानावर.

गुरुवार, २५ मे

आजपासून नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस. वाचनालयाच्या वरच्या खोलीवर टिनाचे छप्पर आहे आणि दुपारी भिंतीवरचा तापमापक ४१ दाखवत होता. कालच्या प्रयोगात प्रोसेसर ९० अंशांच्या पुढे जाऊन स्वतःहून वेग कमी करू लागला होता, म्हणून डबा उघडून पंख्यावरची धुळीची गादी काढली. कूलरच्या थेट झोतात संगणक ठेवण्याचा एका हितचिंतकाचा सल्ला मात्र मानला नाही. ती हवा थंड असते तशीच ओलीही असते, आणि कूलरच्या पाण्यातला क्षार मदरबोर्डवर बसावा अशी माझी इच्छा नाही. त्याऐवजी यापुढचे कम्पाइल पहाटे साडेपाचला सुरू करायचे असे ठरवले.

दुरुस्तीचे दोन मार्ग होते. टिफचे डेव्ह पॅकेज बसवून लेप्टोनिका पुन्हा बांधणे हा एक. दुसरा मार्ग मला १४ तारखेच्या आक्षेपाची ओळ आज पूर्ण वाचल्यावर दिसला. टेसरॅक्टच्या कॉन्फिगरने १.७४ किंवा पुढील आवृत्ती मागितली होती आणि त्याच ओळीत लिबलेप्टोनिकाचे डेव्ह पॅकेज बसवून पाहा असे सुचवलेही होते. डेबियन ११ मधील १.७९ ही त्या अटीत बसते, आणि पॅकेज बांधणाऱ्यांनी ती टिफसह बांधलेली आहे. सौव्होला पद्धतीला लागणारी फंक्शनेही तिच्यात आहेत. लेप्टोनिका कम्पाइल करण्याची गरज मुळातच नव्हती.

तेव्हा लेप्टोनिकाच्या संहितेच्या फोल्डरात जाऊन ‘मेक अनइन्स्टॉल’ केले. जागा मोकळी करण्यासाठी तो फोल्डर मी सोमवारीच पुसणार होतो, आळस केला म्हणून वाचला. अनइन्स्टॉलची यादी त्या फोल्डरातल्या मेकफाइलीतच असते; फोल्डर गेला असता तर यूएसआर-लोकलमधल्या एकेका फाइलीची वंशावळ हाताने शोधावी लागली असती. मग एलडीकॉन्फिग, मग डेव्ह पॅकेज. ४.१.१ ही जुनी आवृत्ती त्याच क्षणी टिफ वाचू लागली.

नवा टेसरॅक्ट तसाच चालवून पाहण्याचा मोह झाला, कारण दोन्ही लेप्टोनिकांचे अंतर्गत नाव एकच आहे. पण १.८२ च्या हेडर फाइली वाचून बांधलेला कार्यक्रम १.७९ वर चालवणे म्हणजे एका शिंप्याने घेतलेल्या मापावर दुसऱ्याने शिवलेला सदरा घालणे. मेक डिस्टक्लीन करून सगळे पुसले आणि उद्या पहाटे कॉन्फिगरपासून पुन्हा सुरुवात करायचे ठरवले.

शनिवार, २७ मे

काल पहाटे सुरू केलेले कम्पाइल ऊन तापायच्या आत पूर्ण झाले. या वेळी कॉन्फिगरचे सगळे बोलणे एका फाइलीत साठवले आणि मेक चालवण्याआधी चहा पीत ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले. त्यात पँगो व कैरो या लायब्ररी नसल्यामुळे प्रशिक्षणाची अवजारे बांधता येणार नाहीत अशीही सूचना होती. आम्हाला नवी आदर्शफाइल शिकवायची नाही, तेव्हा ही उणीव जाणूनबुजून तशीच ठेवली.

आवृत्तीच्या ओळीत आता लिबटिफ आहे. वीस पाने दोन्ही पद्धतींनी काढून शेजारी शेजारी लावली. शिवणीकडची सावली, पाणी पडून उमटलेली कडा आणि मागच्या पानाची झिरपलेली शाई या तिन्ही ठिकाणी सौव्होला पद्धत सरस ठरली. उलट जिथे छपाईच फिकी आहे तिथे तिने कागदाच्या रेषांना अक्षरे समजून निरर्थक चिन्हे उठवली. त्यामुळे सरसकट एकच पद्धत न लावता खंडागणिक निवड करावी लागणार. मासिके १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीची आहेत, म्हणजे ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘केलें’ यांवरचे अनुस्वार जागोजागी आहेत. आजच्या मराठीवर शिकलेली आदर्शफाइल ते कधी टिपते, कधी सोडून देते. हा दोष कम्पाइल करून जाणारा नाही.

वेगाबाबत एक गोष्ट टिपून ठेवतो. टेसरॅक्ट एकाच पानासाठीसुद्धा काम धाग्यांत वाटून देणाऱ्या ओपन-एमपीच्या साहाय्याने अनेक धागे वापरतो. एका वेळी दोन पाने लावली की ते धागे एकमेकांच्या वाटेत येतात आणि काम उलट मंदावते. ओपन-एमपीची धाग्यांची मर्यादा एकवर आणून दोन पाने समांतर चालवली तेव्हा गठ्ठा लक्षणीय लवकर संपला आणि प्रोसेसरही कमी तापला.

शुक्रवार, २ जून

पहिला खंड पूर्ण. मजकूर आणि शोधता येणारी पीडीएफ दोन्ही वाचनालयाकडे दिले. काकांनी आपल्या आजोळच्या गावाचे नाव शोधून पाहिले, ते तीन पानांवर सापडले.

सोमवार, १२ जून

परवा, १० जूनला डेबियन १२ प्रसिद्ध झाले. त्याच्या भांडारात टेसरॅक्ट ५.३.० आहे, आणि लेप्टोनिका आहे १.८२, म्हणजे मी पेनड्राइव्हवरून उचलली होती नेमकी तीच. ५.३.० आणि माझी ५.३.१ यांत आमच्या कामाला जाणवेल असा फरक नाही. महिनाभर थांबलो असतो तर एका आदेशात काम झाले असते, हे खरे. पण थांबलो असतो तर पहिला खंडही झाला नसता. वाचनालयाचा संगणक माझ्यानंतर कोणीतरी सांभाळणार आहे आणि त्याला सुरक्षा-सुधारणा आपोआप मिळणारे पॅकेज सोयीचे पडेल, म्हणून दुसरा खंड संपताच डेबियन १२ वर जायचे ठरवले.

शनिवार, २४ जून

अद्ययावत करण्यापूर्वी टेसरॅक्टच्या फोल्डरातून मेक अनइन्स्टॉल केले. त्याच खिडकीत टेसरॅक्ट चालवून पाहिला तर यूएसआर-लोकलमध्ये अशी फाइल नाही असे उत्तर आले, वास्तविक पॅकेजातली ४.१.१ अजून जागेवर होती. आदेश घेणारी बॅश एकदा सापडलेल्या आदेशाचा पत्ता लक्षात ठेवते आणि पुन्हा शोधत नाही. ‘हॅश’ आदेशाने तिची ती आठवण पुसल्यावर जुनी आवृत्ती सापडली.

डेबियन १२ बसले, टेसरॅक्ट ५.३.० आला, चाचणीच्या वीस पानांचा मजकूर जवळजवळ तसाच निघाला. पीडीएफ मात्र एकाही पानाची तयार झाली नाही. आदेश चुकीविना संपल्यासारखा दिसत होता आणि मजकुराच्या फाइली फोल्डरात हजर होत्या. वरच्या बाजूला एक ओळ होती : पीडीएफ नावाची मापदंड-फाइल उघडता येत नाही. या वेळी ती ओळ पहिल्याच वाचनात पाहिली. टेसडेटा-प्रीफिक्स हे चल अजून यूएसआर-लोकलमधल्या फोल्डराकडे बोट दाखवत होते. मेक अनइन्स्टॉलने स्वतः ठेवलेल्या कॉन्फिग्ज फाइली आणि पीडीएफसाठीचा फॉन्ट तिथून काढून नेला होता. मी हाताने ठेवलेली मराठीची आदर्शफाइल तेवढी त्याने ठेवलेली नसल्यामुळे मागे राहिली होती.

चल नुसते काढून टाकले तर पीडीएफ होते, पण मग डेबियनच्या पॅकेजातली फास्ट संचातील मराठी लागू होते आणि जोडाक्षरांच्या चुका वाढलेल्या दिसतात. म्हणून वाचनालयाच्या खात्यात एक स्वतंत्र टेसडेटा फोल्डर केला, त्यात बेस्ट संचाची मराठी फाइल ठेवली, पॅकेजातील कॉन्फिग्ज, टेसकॉन्फिग्ज आणि पीडीएफच्या फॉन्टकडे दुवे जोडले आणि चलात या नव्या फोल्डराचा पत्ता लिहिला. वीसही पानांच्या पीडीएफ तयार झाल्या. तिसऱ्या खंडाचा पहिला गठ्ठा रात्री लावून घरी आलो.